घरच्या बिटकॉइन मायनिंगसाठी मशीन: ॲव्हरेज बघायचं की बिल?

डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइनने एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला आणि त्यानंतर मायनिंगच्या जाहिरातींना नव्याने ऊत आला. ऑनलाइन दुकानांत तळहाताएवढ्या डब्या दिसतात. छोटा पंखा, इवलासा स्क्रीन, वाय-फाय, आणि खाली ओळ: घरबसल्या बिटकॉइन, वीज नाममात्र. त्याच यादीत आणखी खाली गेलं की बुटांच्या खोक्यापेक्षा थोडी मोठी, उचलताना कंबर धरेल अशी धातूची पेटी दिसते. तिची किंमत लाखांत असते आणि तिच्यावरही ‘एनर्जी एफिशियंट’ लिहिलेलं असतं.

दोन्ही जाहिराती खोटं बोलत नाहीत. गंमत अशी, की दोन्ही मशीनचा कार्यक्षमतेचा आकडा जवळपास सारखा असू शकतो. तरी एकीमुळे घरचं लाइट बिल महिन्याला शंभर-सव्वाशेने वाढतं आणि दुसरीमुळे पंचवीस हजारांनी. हौस म्हणून मायनिंग करू बघणाऱ्यांची पहिली गफलत इथेच होते. म्हणून आधी मशीन आत काय करतं ते बघू, मग वीज, मग पैसे.

## मशीन आत करतं काय?

बिटकॉइनची खातेवही कुठल्या एका बँकेकडे नसते. जगभरच्या हजारो संगणकांवर तिच्या प्रती असतात. साधारण दर दहा मिनिटांनी नव्या व्यवहारांचा एक गठ्ठा या वहीला जोडला जातो. त्याला ब्लॉक म्हणतात. तो जोडण्याचा मान कोणाला, हे शर्यतीने ठरतं.

शर्यत अशी. ‘शा-२५६’ नावाचं एक सूत्र आहे. त्यात कुठलाही मजकूर घाला, बाहेर ६४ आकडे-अक्षरांची एक ठरावीक लांबीची ओळ येते. मजकुरात एक स्वल्पविराम बदला, अख्खी ओळ बदलते. ओळीवरून मागे मूळ मजकूर काढता येत नाही आणि कोणत्या मजकुराची ओळ कशी येईल याचा आधी अंदाजही बांधता येत नाही. ही ओळ म्हणजे हॅश. नियम असा, की ब्लॉकच्या हॅशच्या सुरुवातीला पुरेशी शून्यं आली पाहिजेत. ती येईपर्यंत मशीन ब्लॉकमधला एक आकडा बदलत राहतं आणि हॅश काढत राहतं. ज्याला आधी सापडलं त्याला ३.१२५ बिटकॉइन आणि त्या ब्लॉकमधल्या व्यवहारांची फी मिळते. एप्रिल २०२४ च्या आधी हे बक्षीस ६.२५ होतं, साधारण चार वर्षांनी ते निम्मं होत जातं.

वर्तमानपत्रांत याला ‘अवघड गणिती कोडी सोडवणं’ म्हणतात. यात सोडवण्यासारखं काही नसतं. सेकंदाला अब्जावधी वेळा चुकायचं आणि पुढे जायचं, एवढंच काम. वाया गेलेल्या हॅशचा दुसरा काही उपयोगही नाही. या चुकण्याला लागलेली वीज हीच मायनिंगची खरी किंमत.

आता एक नियम लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे. दर २०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, नेटवर्क स्वतःच शर्यतीची काठिण्यपातळी बदलतं. मशीन वाढली की शर्यत अवघड होते, कमी झाली की सोपी. ब्लॉक मात्र दहा मिनिटांच्या आसपासच येत राहतात. दिवसाला साधारण १४४ ब्लॉक, म्हणजे सगळ्या जगाला मिळून दिवसाला ४५० बिटकॉइन. तुम्ही मशीन घेतलं म्हणून त्यात भर पडत नाही. आहे त्या ४५० मधला वाटा तेवढा इकडचा तिकडे होतो.

## गाडीचं ॲव्हरेज, मशीनचं ॲव्हरेज

मशीन सेकंदाला किती हॅश काढतं तो तिचा हॅशरेट. सेकंदाला एक लाख कोटी हॅश म्हणजे एक टेराहॅश. आपण या लेखात एवढंच एकक वापरू.

गाडी घेताना आपण विचारतो, ॲव्हरेज काय देते? इथेही तोच प्रश्न आहे, फक्त उलट्या बाजूने मोजलेला. एक टेराहॅश काढायला किती ऊर्जा लागली, म्हणजे किती जूल. आकडा जितका लहान तितकं मशीन चांगलं. हिशेबाला आणखी सोपं म्हणजे, ‘एका टेराहॅशला १५ जूल’ याचा अर्थ दर सेकंदाला एक टेराहॅशचा वेग ठेवायला १५ वॅट.

हे ॲव्हरेज गेल्या दहा वर्षांत जबरदस्त सुधारलं. २०१६ च्या ॲन्टमायनर एस-९ या मशीनला एका टेराहॅशला साधारण ९८ जूल लागत. २०२० च्या एस-१९ प्रो ला २९.५. दोन वर्षांनी आलेल्या एस-१९ एक्सपी ला २१.५. एस-२१ ला १७.५ आणि एस-२१ प्रो ला १५. या सगळ्या मशीनमध्ये एकच काम करणारी चिप असते. तिला एसिक म्हणतात. ती बिटकॉइनचं सूत्र चालवते आणि दुसरं काहीही करू शकत नाही; उद्या मायनिंग बंद केलं तर तिच्यावर तुमच्या मुलाला गेमसुद्धा खेळता येणार नाही. लॅपटॉपचा प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड हेच सूत्र चालवू शकतं, पण इतक्या हळू की बिटकॉइनच्या शर्यतीत त्याचा विचारही करू नये.

तळहाताएवढ्या डब्यांत बिटॅक्स हे नाव सगळ्यांत जास्त ऐकू येतं. त्याचा आराखडा खुला आहे, म्हणजे कोणीही बनवून विकू शकतो, आणि विकतातही. बिटॅक्सच्या ‘गॅमा’ प्रकारात एस-२१ प्रो मधलीच चिप बसवलेली असते. मोठ्या पेटीत अशा चिपांच्या रांगाच्या रांगा असतात, इथे एकच. म्हणून ॲव्हरेज तसंच, पण वेग १.२ टेराहॅशच्या आसपास आणि वीज १७-१८ वॅट. एस-२१ प्रो चा वेग २३४ टेराहॅश आणि वीज सुमारे ३५०० वॅट.

मधल्या आकाराचीही यंत्रं आहेत. कॅनान कंपनीचं ॲव्हलॉन नॅनो ३-एस ६ टेराहॅशला १४० वॅट घेतं, म्हणजे ॲव्हरेज २३ च्या आसपास. आणि अगदी खालच्या टोकाला नर्डमायनर आहे. वाय-फायच्या दिव्यांत असते तसली साधी चिप, वीज जेमतेम एक वॅट. त्याचा वेग इतका कमी की त्याला शोभेची वस्तू म्हणूनच विकत घ्यावं. वीज कमी खातं म्हणून ‘कार्यक्षम’ म्हणाल तर ते या यादीतलं सगळ्यांत वाईट मशीन आहे.

## हिशेब करून बघू

हिशेब सोपा जावा म्हणून गोल आकडे धरतो. जगाचा एकूण हॅशरेट १०० कोटी टेराहॅश. २०२५ मध्ये नेटवर्क या पातळीला पोचलं. एका बिटकॉइनची किंमत ८० लाख रुपये. वीज १० रुपये युनिट. हे तिन्ही आकडे बदलत राहणार, तुम्ही वाचाल त्या दिवशी कदाचित बदललेले असतील, पण पद्धत हीच राहील.

दिवसाचे ४५० बिटकॉइन १०० कोटी टेराहॅशमध्ये वाटले की एका टेराहॅशच्या वाट्याला दिवसाला येतात साधारण ३ रुपये ६० पैसे. (व्यवहारांची फी यात धरलेली नाही, ती बहुतेक दिवस किरकोळच असते.) आता वीज. १५ जूलच्या मशीनला एका टेराहॅशसाठी १५ वॅट चोवीस तास, म्हणजे ०.३६ युनिट. दहा रुपयांच्या दराने ३ रुपये ६० पैसे.

मिळकत ३.६०, वीज ३.६०. १५ जूलसारख्या चांगल्या ॲव्हरेजच्या मशीनवर, मशीनची किंमत न धरता, हाती शून्य. मी आकडे मुद्दाम जुळवले असं वाटेल, म्हणून वरच्या तिन्हींत तुमचे आकडे घालून बघा. घरगुती वीज दहा रुपयांच्या पुढे असेल तर उत्तर शून्याच्या खालीच येईल.

आणि एस-९? तिला दिवसाला एका टेराहॅशला सुमारे २.३५ युनिट लागतात. साडेतेवीस रुपयांची वीज जाळून साडेतीन रुपयांचं बिटकॉइन. जुन्या बाजारात ‘स्वस्तात मस्त’ म्हणून जी मशीन मिळतात ती बहुतेक याच पिढीची असतात. ज्याने विकायला काढलं त्याने हाच हिशेब आधी केलेला असतो.

## सारखंच ॲव्हरेज, मग बिलात एवढा फरक का?

आता सुरुवातीच्या दोन जाहिरातींकडे येऊ. बिटॅक्स गॅमा १८ वॅट धरली तर महिन्याला १३ युनिट. एस-२१ प्रो महिन्याला २५२० युनिट. ॲव्हरेज दोघींचं १५. दहाच्या दराने एकीचं बिल १३० रुपये, दुसरीचं २५,२०० रुपये.

ॲव्हरेजवरून खर्च आणि मिळकत यांचं प्रमाण कळतं. प्रमाण बरोबरीचं किंवा तोट्याचं असेल, तर मोठं मशीन म्हणजे मोठा तोटा, दुसरं काही नाही. कारखाना चालवणारा माणूस ॲव्हरेज आधी बघतो, कारण त्याला वीज तीन-चार रुपयांनी मिळते आणि प्रत्येक जूल नफ्यात मोजला जातो. घरच्या माणसाने आधी एकूण वॅट बघावेत. महिन्याला किती रुपये हौसेवर घालवायला तयार आहात? तेवढ्यातून युनिट काढा, युनिटातून वॅट. त्या वॅटच्या आत बसणाऱ्या मशीनमध्ये मग ॲव्हरेज बघा. क्रम उलटा केलात की फसलात.

दुसरी गोष्ट टप्प्यांची. महावितरणचे घरगुती दर ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे चढत जातात. मायनिंगची युनिटं घरच्या वापराच्या वर चढतात, म्हणजे ती कायम तुमच्या सगळ्यांत महाग टप्प्यात पडतात. त्यामुळे बिलाची रक्कम भागिले युनिट करून काढलेला सरासरी दर इथे चालत नाही. बिलाच्या मागे बघा: तुमच्या वरच्या टप्प्याचा वीज आकार, त्यात वहन आकार, इंधन समायोजन असेल तर ते, आणि या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. एवढं मिळून जो दर येतो तो तुमचा मायनिंगचा दर.

ॲव्हलॉन नॅनोचं उदाहरण इथे डोळ्यांत भरतं. १४० वॅट म्हणजे दीड-दोन पंख्यांएवढी वीज, कोणी लक्षही देणार नाही. पण पंखा रात्री चालतो, हे चोवीस तास. महिन्याला १०० युनिट. ज्या घराचा वापर २५० युनिट आहे ते घर ३५० वर जातं आणि वरची पन्नास युनिटं पुढच्या टप्प्याच्या दराने पडतात. मोठ्या मशीनला तर पाचशेच्या पुढचाच दर लागतो. म्हणजे वर धरलेले दहा रुपये ही मी दाखवलेली उदारता होती.

## उष्णता, आवाज आणि बोर्डावरचं पिवळं पडलेलं सॉकेट

मशीनने घेतलेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णताच होते. ३५०० वॅट म्हणजे नेमकी किती? एक टनाचा एसी जेवढी उष्णता खोलीबाहेर फेकतो तो आकडा ३५१७ वॅट आहे. म्हणजे एस-२१ प्रो बंद खोलीत ठेवली तर फक्त तिची उष्णता काढायला एक टनाचा एसी रात्रंदिवस चालू हवा, आणि तो स्वतः आणखी किलोवॅटभर वीज खाणार. ही वीज कुठल्याही पेटीवर छापलेली नसते. मे महिन्यात अकोल्याला किंवा चंद्रपूरला पारा ४५ च्या पुढे जातो. बऱ्याच मशीनची मर्यादा ४० अंश असते. कोकणात आणि गोव्यात उष्णतेपेक्षा दमट, खारट हवा त्रास देते. पंखा दिवसभर तीच हवा बोर्डावरून ओढत असतो आणि सोल्डरला गंज धरतो.

आवाजाचंही असंच. मोठ्या पेट्यांचे पंखे ७५ डेसिबलच्या आसपास वाजतात. निवासी भागासाठी नियमाने ठरलेली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे. मशीन बाल्कनीत ठेवू म्हणणाऱ्याने आधी सोसायटीच्या सेक्रेटरीशी ओळख वाढवावी.

वायरिंग हा भाग लोक सगळ्यांत हलक्यात घेतात. ३५०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला १५ अँपिअरच्या वर. आपलं गिझरचं सॉकेट १६ अँपिअरचं असतं, म्हणजे कागदावर बसतं. पण गिझर वीस मिनिटं चालतो. मायनिंग मशीन महिनोन् महिने न थांबता चालतं. आतला स्क्रू जरा सैल असला की सॉकेट तापतं, प्लास्टिक आधी पिवळं पडतं, मग तपकिरी, आणि एक दिवस जळका वास येतो. हजार वॅटच्या वरचं काहीही चोवीस तास चालवायचं असेल तर वायरमनकडून मुख्य बोर्डापासून स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तांब्याची लाइन, तिला वेगळा एमसीबी, आणि मंजूर भार पुरेसा आहे का याची खात्री, एवढं हवंच. एक्सटेन्शन बोर्डावर तर नकोच नको.

१८ वॅटच्या डबीला यातलं काहीच लागत नाही. मोबाइल चार्जरच्या शेजारी बसते.

## ‘आमच्याकडे सोलर आहे, वीज फुकटच’

हा आक्षेप सगळ्यांत जास्त येतो. छतावरचं एक किलोवॅट पॅनेल आपल्याकडे दिवसाला साधारण चार युनिट देतं. एस-२१ प्रो ला दिवसाला ८४ युनिट लागतात, म्हणजे २१ किलोवॅटचं छत. घरगुती बसवतात ते साधारण तीन-पाच किलोवॅटचं.

बरं, छोटं मशीन घेतलं तरी ती वीज फुकट होत नाही. नेट मीटरिंगमध्ये तुम्ही न वापरलेलं प्रत्येक युनिट ग्रिडला जातं आणि तुमच्याच बिलातून वजा होतं. ते मशीनने खाल्लं तर वजावट तेवढी कमी झाली. खरोखर फुकट वीज फक्त तीच, जी वापरली नसती तर वाया गेली असती. उदाहरणार्थ बॅटरी भरल्यावरही पॅनेल चालू आहे आणि ग्रिडची जोडणीच नाही असं शेतघर. तिथे दुपारचे चार तास छोटं मशीन चालवायला हरकत नाही. पण चार तास चालणाऱ्या मशीनची किंमत वसूल व्हायला सहापट वेळ लागतो, हेही धरा.

## ‘परदेशात लोक यावर घर गरम करतात म्हणे’

करतात, आणि तिथे ते पटतं. टोरांटोत किंवा म्युनिकमध्ये राहणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला हिवाळ्यात खोली तापवायचीच असते. विजेचा साधा हीटर १४० वॅटची जेवढी उष्णता देतो तेवढीच मायनिंग मशीन देतं, वर थोडं बिटकॉइन. त्यामुळे तिथे साध्या हीटरच्या जागी मशीन ठेवलं तर विजेचा वेगळा खर्च धरायलाच नको. फिनलंडमध्ये मारा या अमेरिकी कंपनीने २०२४ पासून मायनिंगच्या उष्णतेवर गरम केलेलं पाणी घरं तापवणाऱ्या सार्वजनिक जाळ्यात सोडायला सुरुवात केली.

एक अट मात्र आहे. घरात हीट पंप असेल तर तो एका युनिट विजेत तीन युनिटांएवढी उष्णता बाहेरून ओढून आणतो. त्याच्यापुढे मायनिंगचा हीटर महागच पडतो. महाराष्ट्रात हा फायदा महाबळेश्वरला डिसेंबरात काही रात्री मिळेल.

## ‘मग ग्राफिक्स कार्ड? इथेरियम?’

ते दिवस गेले. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या दुसऱ्या मोठ्या चलनाने मायनिंगची पद्धतच बंद केली आणि त्या नेटवर्कची वीज ९९ टक्क्यांहून जास्त कमी झाली. जगभरची कार्डं त्या दिवशी बेकार झाली. उरलेल्या छोट्या नाण्यांवर ती सगळी तुटून पडली आणि तिथलीही मिळकत घसरली. मोनेरो नावाचं चलन मुद्दाम साध्या प्रोसेसरवर चालावं असं बनवलेलं आहे. २०१९ पासूनची त्याची पद्धत एसिकला दाद देत नाही. घरात चांगला डेस्कटॉप असेल तर शिकण्यासाठी वेगळं मशीन न घेता तेच चालवता येतं. पैसे वाचवून शिकायचं असेल तर मला हा मार्ग बिटॅक्सपेक्षाही शहाणपणाचा वाटतो, पण त्यात स्क्रीनवर लुकलुकणाऱ्या डबीची मजा नाही, हे कबूल.

## ‘मशीन घरात नको, कंपनीकडे ठेवू’

पैसे भरा, मशीन आमची, वीज आमची, तुम्हाला दरमहा ठरलेला परतावा: याला क्लाउड मायनिंग म्हणतात. महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. गेनबिटकॉइन योजनेत दरमहा १० टक्के परतावा, तो १८ महिने, असं आश्वासन होतं. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये सूत्रधाराला अटक केली, आणि प्रकरण पुढे सीबीआयपर्यंत गेलं. वरचा हिशेब ज्याला समजला त्याला दरमहा ‘ठरलेला’ हा शब्द ऐकूनच शंका यायला हवी. काठिण्यपातळी दोन आठवड्यांनी बदलते, किंमत मिनिटाला. ठरलेलं यात काहीच नसतं.

## कर: विजेचा खर्च वजा होत नाही

१ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या विक्रीतल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, त्यावर उपकर वेगळा. तोटा दुसऱ्या कशातून वजा करता येत नाही. आणि मायनिंगसाठी महत्त्वाचं म्हणजे, मशीन-पायाभूत सुविधांवरचा खर्च हा ‘खरेदीची किंमत’ म्हणून वजा करता येणार नाही, असं अर्थ मंत्रालयाने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केलं.

याचा परिणाम आपल्या हिशेबावर बघा. ३.६० ची मिळकत, ३.६० ची वीज. माणूस म्हणेल नफा नाही तर कर कसला? पण कर ३.६० वर लागतो. उपकरासह साधारण १ रुपया १२ पैसे गेले. म्हणजे बरोबरीवर यायला वीज सात रुपयांच्याही आत मिळाली पाहिजे, तीही मशीन फुकटात मिळालं असं धरून. तुमच्या बाबतीत कर नेमका कधी आणि कशावर, हे सीएला विचारा. पण खर्च वजा होईल या आशेवर मोठं मशीन घेऊ नका.

## कार्यक्षम मशीन घेतलं तर निदान पर्यावरणाचं भलं होईल?

वाटतं तसं होत नाही. मघाचा काठिण्यपातळीचा नियम आठवा. उद्या सगळ्यांनी निम्मी वीज खाणारी मशीन बसवली, तर वाचलेल्या पैशांत लोक आणखी मशीन लावतात, शर्यत अवघड होते आणि वीज पुन्हा जवळपास तिथेच येते. नेटवर्क किती वीज खाणार हे मुख्यतः बक्षिसाची किंमत ठरवते. एस-९ पासून एस-२१ प्रो पर्यंत ॲव्हरेज सहापट सुधारलं, आणि त्याच काळात बिटकॉइनचा एकूण वीजवापर काही पटींनी वाढला. केंब्रिज विद्यापीठाच्या २०२५ च्या अहवालात तो वर्षाला १३८ अब्ज युनिटांच्या आसपास धरला आहे.

तुमच्या घरापुरतं बोलायचं तर ज्या मशीनचे वॅट कमी ते बरं. त्याहून मोठा दावा विक्रेत्याने केला तर हसून सोडून द्या.

## ब्लॉक लागायची शक्यता किती?

१.२ टेराहॅशच्या डबीने एकट्याने खेळायचं ठरवलं तर वर धरलेल्या आकड्यांनुसार सरासरी पंधरा-सोळा हजार वर्षांत एकदा ब्लॉक लागेल. तरी छोट्या घरगुती मशीनला ब्लॉक लागल्याच्या घटना झालेल्या आहेत. जगभर अशा डब्या पुष्कळ आहेत, कोणाला तरी लागणारच. दुसरा मार्ग पूलचा: हजारो लोक हॅशरेट एकत्र करतात आणि मिळकत वाटून घेतात. त्यात डबीला दिवसाला चार रुपयांच्या आसपास मिळतात. पण बहुतेक पूल किमान रक्कम साठल्याशिवाय पैसे पाठवत नाहीत, आणि ती साठायला डबीला कित्येक महिने लागू शकतात. पूल निवडताना ही किमान रक्कम आधी विचारा.

## घ्यायचीच असेल तर

महाराष्ट्रातल्या फ्लॅटसाठी माझं मत सरळ आहे: २० वॅटच्या आतली, नव्या पिढीची एक चिप असलेली डबी. त्याच्या वर गेलात तर हौस राहत नाही, तोट्याचा धंदा होतो. १४० वॅटवाली मधली मशीन थंड देशातल्यांसाठी.

डबीच्या आधी प्लगमध्ये बसणारा वॅटमीटर किंवा वीज मोजणारा स्मार्ट प्लग घ्या. डबीच्या स्क्रीनवरचे वॅट बोर्डापुरते असतात. ॲडाप्टर स्वतः गरम होऊन जी वीज उडवतो ती त्यात नसते. हलक्या ॲडाप्टरवर हा फरक दहा-पंधरा टक्के सहज असतो. मीटर भिंतीत, ॲडाप्टर मीटरमध्ये, आणि आठवड्याचा आकडा लिहून ठेवा.

मग सेटिंग. बिटॅक्सच्या पानावर ब्राउझरमधून चिपची फ्रीक्वेन्सी आणि व्होल्टेज बदलता येतं. गॅमाचे मूळ आकडे ५२५ मेगाहर्ट्झ आणि ११५० मिलिव्होल्ट. यूट्यूबवाले ते वर ढकलून जास्त हॅशरेट काढून दाखवतात. तुम्ही खाली आणा. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून फ्रीक्वेन्सी थोडी कमी करून व्होल्टेजही थोडं उतरवलं की हॅशरेट जितका घटतो त्यापेक्षा वीज जास्त घटते. एकेक पायरी खाली या, प्रत्येक पायरीला तासभर चालू द्या आणि हॅशरेट एकदम कोसळला की एक पायरी वर. पंख्याचा आवाजही कमी होतो, हा वरचा फायदा.

ॲडाप्टर मात्र डब्यात आलेलाच वापरा. गॅमाला ५ व्होल्ट लागतात. घरात पडलेल्या राउटरच्या १२ व्होल्टच्या ॲडाप्टरची पिन त्याच भोकात छान बसते, आणि बोर्ड जागच्या जागी जळतो.

आणि पहिल्यांदा चालू केल्यावर हॅशरेट बघायच्या आधी सेटिंगमध्ये पूलच्या नावाखाली कोणाचा बिटकॉइन पत्ता (मिळकत जिथे जमा होते तो) भरलेला आहे ते बघा. खुल्या आराखड्याच्या मशीन कोणीही विकतो, आणि ‘आधीच सेट करून दिलंय, फक्त वाय-फाय जोडा’ म्हणणाऱ्याने तिथे स्वतःच्या वॉलेटचा पत्ता ठेवलेला असू शकतो. तसं असेल तर वीज तुमची आणि चार रुपये त्याचे. तो खोडून स्वतःचा पत्ता भरा, आणि शक्य असेल तर प्रकल्पाच्या अधिकृत पानावरून सॉफ्टवेअर नव्याने टाकून मगच चालू ठेवा.